स्नेहसंमेलनाचे नाटक आणि मुलांची प्रकृती

डिसेंबर उजाडला की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातील डॉक्टरला कॅलेंडर पाहावे लागत नाही. दवाखान्याच्या बाकावर कोण बसले आहे यावरूनच महिना कळतो. घसा बसलेले 'महाराज' येतात, तालमीत उडी मारताना पाय मुरगळलेला 'मावळा' येतो, तोंडभर पुरळ उठलेली 'परी' येते. सोबत आई असते आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, गॅदरिंग चार दिवसांवर आलंय, तेवढ्यात बरं वाटेल ना?"

आमच्या नाशिक जिल्ह्यात हे दिवस कडाक्याच्या थंडीचे. निफाडकडे तर काही वर्षी पारा पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतो. नेमक्या याच दिवसांत शाळांची स्नेहसंमेलने असतात. नाताळच्या सुट्टीत बहुतेक ठिकाणी तालमींना जोर चढतो. सहामाही परीक्षा होऊन गेलेली असते, वार्षिक परीक्षा अजून दूर असते. दहावीची मुले पूर्वपरीक्षेत अडकलेली असल्याने नाटकाचा भार आठवी-नववीवर पडतो. म्हणजे तेरा ते पंधरा वर्षांची मुले. हे वय शरीराने आणि मनाने दोन्ही बाजूंनी बदलाचे असते. म्हणून आजच्या लेखात या हंगामी दुखण्यांविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच सांगतो, मी नाटकाच्या बाजूचा आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी माणसाला नाटकाची गोडी आहे. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि मुलांसाठीही नाटक मनापासून करायचे असते, हे दाखवून दिले. गावातील शाळेच्या अंगणात बाक जोडून केलेल्या रंगमंचावर उभे राहणारे मूलही त्याच रांगेत उभे असते. चार महिन्यांच्या अभ्यासाने येत नाही असे धैर्य कधीकधी चार मिनिटांच्या प्रवेशाने येते. पण त्यासाठी मूल त्या दिवशी धडधाकट असले पाहिजे.

बसलेला घसा

सर्वांत जास्त तक्रार घशाची. आपल्या गळ्यात स्वरयंत्र असते आणि त्यात दोन नाजूक स्वरपट्ट्या असतात. त्यांची लांबी मोठ्या पुरुषात साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, बायकांत त्याहून कमी. बोलताना या पट्ट्या एकमेकींवर सेकंदाला शंभर-दोनशे वेळा आपटतात. ओरडताना त्या जास्त जोराने आपटतात. तीन तास ओरडून तालीम केली की पट्ट्यांना सूज येते. सुजलेल्या पट्ट्या नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. त्यात सर्दीचा विषाणू आला, तर आवाज पूर्ण जातो.

यावर उपाय एकच आणि तो फुकट आहे, तो म्हणजे मौन. दोन-तीन दिवस आवाजाला विश्रांती दिली की बहुतेक मुलांचा आवाज परत येतो. मौन म्हणजे कुजबुजणेही नको. जोर लावून कुजबुजले तर स्वरयंत्राच्या स्नायूंवर ताण पडतो. काही सांगायचे असेल तर वहीवर लिहून दाखवावे. पाणी थोडे थोडे करून दिवसभर प्यावे.

आता घरगुती उपायांविषयी. मिठाच्या गुळण्या, खडीसाखर, ज्येष्ठमध यांनी घशाला बरे वाटते, ते जरूर करावे. पण एक गोष्ट समजून घ्यावी. आपण जे गिळतो ते अन्ननलिकेतून जाते आणि स्वरयंत्र असते श्वासनलिकेच्या तोंडाशी. गुळण्यांचे पाणी किंवा खडीसाखरेचा रस थेट स्वरपट्ट्यांवर पोचत नाही. तो पोचला तर ठसकाच लागेल. तेव्हा खडीसाखर तोंडात ठेवून तालीम चालू ठेवली तर उपयोग नाही. वाफ घ्यायची तर उकळत्या पाण्याचे पातेले मांडीवर घेऊन चादरीत बसवू नये. असे पातेले उलटून भाजलेली मुले दरवर्षी येतात. बंद न्हाणीघरात गरम पाण्याची बादली भरून थोडा वेळ बसले तरी पुरते.

"एखादे जोरदार इंजेक्शन द्या, आज संध्याकाळी प्रयोग आहे," असा आग्रह पालकही करतात आणि कधी शिक्षकही. असे इंजेक्शन सूज तात्पुरती कमी करते, पण मूल त्या सुजलेल्या पट्ट्यांवरच ओरडते आणि पट्टीत रक्तस्राव होण्याची भीती राहते. अँटिबायोटिकचाही येथे बहुधा उपयोग नसतो, कारण असा घसा बहुतेक वेळा विषाणूमुळे किंवा ओरडण्यामुळे बसतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. श्वास घेताना आवाज येत असेल, लाळही गिळता येत नसेल किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

शिक्षकांना एक विनंती. पाठांतराच्या तालमी साध्या, बोलण्याच्या आवाजात घ्याव्यात. पूर्ण आवाजातील तालीम शेवटच्या आठवड्यात दोन-तीनदाच. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा तो पोटातून श्वास घेऊन आणि शब्द स्वच्छ उच्चारून, गळ्याच्या शिरा ताणून नव्हे. प्रत्येक मोठ्या भूमिकेला एक बदली मूल तयार ठेवावे. म्हणजे तापाने फणफणलेल्या मुलाला ओढून आणण्याची वेळ येणार नाही आणि त्याचा ताप इतर वीस मुलांना लागणार नाही.

फुटणारा आवाज

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते आणि गळ्याची घाटी दिसू लागते. आवाज कधी जाड तर कधी एकदम बारीक होतो. याला आपल्याकडे आवाज फुटणे म्हणतात. हा आजार नव्हे, औषधाची गरज नाही. काही महिन्यांत, क्वचित दीड वर्षात आवाज स्थिर होतो.

पण रंगमंचावर 'सिंहगर्जना' करताना आवाज चिरकला आणि सभागृह हसले, तर त्या मुलाला ते वर्षानुवर्षे आठवते. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. हसतील म्हणून त्याने वर्गात उत्तरे देणेच सोडले होते. तपासण्यासारखे काहीच नव्हते. मी त्याला भिंतीवरच्या चित्रात स्वरयंत्र दाखवले आणि त्याच्या मोठ्या भावाला विचारले, "तुझा आवाज कधी फुटला रे?" भाऊ म्हणाला, "नववीत. मी तर वर्षभर गाणंच म्हटलं नाही." धाकटा आश्चर्याने पाहतच राहिला. घरात हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पालकांनी, विशेषतः वडिलांनी, हे मुलाशी बोलून ठेवावे. सोळा-सतरा वर्षांनंतरही आवाज बारीकच राहिला तर वाचा-उपचार तज्ज्ञांकडून तो बहुतेक वेळा सुधारतो, हेही लक्षात असू द्यावे.

तोतरे बोलणाऱ्या मुलांविषयीही लिहायला हवे. त्यांना नाटकातून वगळू नये. तोतरेपणा असलेली पुष्कळ मुले गाताना, सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा पाठ केलेली भूमिका बोलताना पुष्कळ कमी अडखळतात. अशा मुलाला आधी समूहात उभे करावे, मग त्याची इच्छा असेल तर एखादे वाक्य द्यावे. मात्र तोतऱ्या माणसाची नक्कल करून हशा मिळवणारे पात्र शाळेच्या नाटकात नसावे. समोर बसलेल्या एखाद्या मुलाला ते हसणे आपल्यालाच उद्देशून वाटते.

पोटात गोळा येतो त्याचे काय?

प्रवेशाच्या आधी हात थरथरणे, तोंडाला कोरड पडणे, छाती धडधडणे, सारखे लघवीला जावेसे वाटणे, हे सारे नैसर्गिक आहे. संकट समोर दिसले की शरीर अ‍ॅड्रिनलीन नावाचा स्राव रक्तात सोडते. वाघ समोर आला तरी तोच आणि परीक्षकांची रांग समोर आली तरी तोच. हा स्राव काही मिनिटांत ओसरतो, म्हणून पहिली दोन वाक्ये पार पडली की मूल स्थिरावते. पहिली दोन वाक्ये झोपेतही म्हणता येतील इतकी पक्की असावीत, हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. दुसरा उपाय श्वासाचा. चार अंक मोजत श्वास आत घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. असे आठ-दहा वेळा केले की धडधड कमी होते.

काही पालक मेडिकलमधून 'धडधड थांबवण्याची गोळी' आणून मुलाला देतात. हे धोक्याचे आहे. या गटातील प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी दमा असलेल्या मुलाला दिली तर दम्याचा तीव्र झटका येऊ शकतो. झोपेची किंवा चिंतेची कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने देऊ नये.

उपाशी नायिका

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मुली सकाळपासून काही खात नाहीत. एकदा रंगरंगोटी झाली की लिपस्टिक जाईल म्हणून पाणीही नको. शाळेची स्वच्छतागृहे वापरण्यासारखी नसतात हेही पाणी टाळण्याचे खरे कारण, मुली ते बोलत नाहीत एवढेच. मग दुपारी डोके दुखते, संध्याकाळी प्रखर दिव्यांखाली घेरी येते आणि दोन दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन ती माझ्याकडे येते.

घेरी आलीच तर मुलीला जमिनीवर आडवे झोपवावे, पाय थोडे वर उचलावेत, भोवतीची गर्दी हटवावी. तोंडावर पाण्याचे हबके मारणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे, बेशुद्ध असताना तोंडात पाणी ओतणे, यांतले काही करू नये. बहुतेक मुली मिनिटाभरात शुद्धीवर येतात. तसे झाले नाही, झटके आले किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

घेरीमागे पुष्कळदा रक्ताची कमतरताही असते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे नाचाच्या रांगेत दहा मुली उभ्या असतील तर त्यांतल्या पाच-सहा. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीतून टाकून देतात, हे मला मुलींनीच सांगितले आहे. ती जेवल्यावर घ्यावी आणि त्यानंतर तासभर चहा घेऊ नये. मळमळ कमी होते आणि गुण येतो. बाजरीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, सोबत लिंबू किंवा पेरू, हे हिवाळ्यात आपल्याकडे मुबलक आणि स्वस्त मिळते.

आता थोडा नाजूक विषय. "डॉक्टर, हिची पाळी नेमकी गॅदरिंगच्या दिवशी येतेय, पुढे ढकलायची गोळी द्या," असे आया हळू आवाजात सांगतात. पुष्कळ जणी तर मला न विचारताच दुकानातून आणतात. ही हार्मोनची गोळी आहे. ती पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, ऐन वेळी घेऊन काम करीत नाही. यकृताचा आजार असेल, रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर ती घेऊ नये. अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. मला विचाराल तर चौदा वर्षांच्या मुलीला नाटकासाठी ती देण्याची गरज नाही. पाळीत नाचायला, धावायला, अभिनय करायला कोणतीही शारीरिक आडकाठी नाही. पोट दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांनी सांगितलेली साधी वेदनाशामक गोळी पुरते. तिला लागतात ते जास्तीचे पॅड, पाणी असलेले, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि जिच्याशी बोलता येईल अशी एक बाई शिक्षिका. एवढे शाळेने केले तर गोळीची चौकशीच होणार नाही.

रंगभूषा: शेंदूर नको

चेहऱ्याच्या रंगांमुळे उठणारे पुरळ दरवर्षी पाहतो. जो रंग लावायचा तो आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून पाहावा. खाज, लाली आली तर तो रंग त्या मुलाला नको. एकच काजळकांडी आणि एकच लिपस्टिक वीस मुलांना फिरवली जाते. त्यातून डोळे येतात, ओठांवर फोड येतात. काजळ प्रत्येकाने घरून आणावे, लिपस्टिक कापसाच्या नव्या बोळ्याने लावावी.

मारुतीची भूमिका करणाऱ्या मुलाला देवळातला शेंदूर तेलात कालवून अंगभर फासल्याचे मी पाहिले आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. ते ओठांवाटे, बोटांवाटे पोटात जाते. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला शिसे घातक असते आणि त्याची 'इतके चालेल' अशी सुरक्षित मात्रा ठाऊक नाही. मूर्तीला वाहतात तो शेंदूर मुलाच्या अंगाला लावू नये. केशरी रंगाचा सदरा किंवा त्वचेसाठी बनवलेला रंग वापरावा. भक्तीत त्याने उणे येत नाही.

मिशा-दाढी चिकटवायला लाकूडकामाचा गोंद किंवा झटपट चिकटणारे द्रव वापरू नये. काढताना कातडी निघते. रंग उतरवताना रॉकेल कधीही नको. खोबरेल तेल चोळून कापसाने पुसावे, मग साबण लावावा.

शेगडी आणि समई

या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. रात्रीचा गारठा, पातळ झगे घातलेली मुले, म्हणून वेश बदलायच्या खोलीत कोळशाची शेगडी पेटवतात आणि वारा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतात. असे कदापि करू नये. बंद खोलीत कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील लाल द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. मुले दमली असतील असे वाटते आणि तेवढ्यात मूल बेशुद्ध होते. एकाच खोलीतल्या दोन-तीन मुलांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणावे, चौकशी नंतर करावी. खोलीत शेगडीऐवजी स्वेटर, शाली आणि पायमोजे असावेत. पात्राचा प्रवेश येईपर्यंत शाल अंगावर राहू द्यावी.

दुसरी भीती आगीची. नायलॉनचे झगे, जाळीच्या ओढण्या, कापसाच्या दाढ्या आणि समोर समई, पणत्या, मशाली. नायलॉन पेटला की वितळून कातडीला चिकटतो. दिवे विजेच्या सेलवर चालणारे वापरावेत, मशाल कागदाची करावी. कपड्यांनी पेट घेतलाच तर मुलाने पळू नये, जमिनीवर लोळावे. मोठ्यांनी जाड सुती किंवा लोकरी घोंगडी टाकून आग विझवावी. भाजलेल्या जागेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतले काही लावू नये. चिकटलेला कपडा ओढून काढू नये.

दम्याच्या मुलांनी आपला पंप खिशात ठेवावा आणि निदान एका शिक्षकाला ते ठाऊक असावे. वर्षभर माळ्यावर पडलेले पडदे आदल्या आठवड्यात उन्हात झटकून घ्यावेत, ते काम दमेकरी मुलाला देऊ नये. ध्वनिक्षेपकाच्या कर्ण्याजवळ लहान मुलांना बसवू नये. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज फार मोठा होता असे समजावे.

"नाटक बंद!"

शेवटी औषधाच्या बाटलीत मावत नाही अशा दुखण्याविषयी. मागे एका थंडीत नववीतल्या एका मुलाला त्याचे वडील घेऊन आले. रोज संध्याकाळी पाच वाजता पोट दुखायचे. जेवण कमी झाले होते, वजन दीड किलोने उतरले होते. पोट तपासले, रक्त-लघवी तपासली, सारे ठीक. वडिलांना बाहेर बसवून मुलाशी बोललो. पाच ही तालमीची वेळ होती. सहामाहीत गणितात कमी गुण पडले म्हणून वडिलांनी त्याला नाटकातून काढले होते. खिडकीतून शाळेचे मैदान दिसायचे. मुले जाताना हाक मारायची आणि याच्या पोटात कळ यायची.

ती कळ खोटी नव्हती. मनाचे दुःख या वयात पोटातून बोलते, हे आम्ही नेहमी पाहतो. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नाटकानं पोट भरतं का? मी दुकानात बारा तास उभा राहतो ते याच्यासाठीच." त्यांचेही खोटे नव्हते. मी म्हणालो, "शेठ, याचं पोट तर नाटक बंद केल्यावरच रिकामं राहायला लागलं." ते बराच वेळ गप्प बसले. मग आम्ही तिघांनी मिळून कागदावर वेळापत्रक मांडले. सकाळी सहा ते सात गणित, संध्याकाळी दीड तास तालीम, रात्री साडेनऊला दिवा बंद, झोपताना मोबाईल आईजवळ. मुख्य भूमिका तोवर दुसऱ्याला गेली होती. याला द्वारपालाची मिळाली, दोन वाक्यांची. पोटदुखी आठवड्यात थांबली. गणितात पुढे फार उजेड पडला असे नाही, पण मूल जेवू लागले.

शिक्षा म्हणून खेळ, नाटक, मित्र यांतले काही काढून घेऊ नये असे माझे मत आहे. काढायचे असेल तर वेळ आखून द्यावी. मूल पंधरा दिवसांहून अधिक गप्प राहिले, झोप-जेवण बिघडले, 'मी नसलेलाच बरा' असे काही बोलले, तर ते नाटकीपणा समजून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

झोपेबाबतही दोन शब्द. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच थोडे पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते. त्यात तालीम अकरापर्यंत चालली आणि सकाळी सातची शाळा, तर झोप सहा तासांवर येते. पाठांतर पक्के होते ते झोपेतच, तेव्हा जागरण करून संवाद पाठ करणे हा तोट्याचा व्यवहार आहे. तालीम रात्री आठला संपवावी आणि मुलींना घरी पोचवण्याची व्यवस्था त्या आधी ठरलेली असावी.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेने एवढे जवळ ठेवावे: पिण्याचे पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा केळी, जास्तीचे सॅनिटरी पॅड, स्वच्छ कापूस आणि पट्टी, वाळूच्या दोन बादल्या, दोन जाड घोंगड्या, मोकळ्या खिडक्यांची खोली आणि जवळच्या दवाखान्याचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत. पालकांनी मुलाला दुपारी पोटभर वरण-भात खाऊ घालून पाठवावे आणि संध्याकाळी दुकान लवकर बंद करून पुढच्या रांगेत जाऊन बसावे. आपले मूल द्वारपाल असले तरीही.